डोकं तपासून घ्या

"म्हणजे नक्की काय?"

हे विचारताना ती उजव्या हाताचं पहिलं बोट हवेत उभं धरायची, आणि उत्तर येईपर्यंत ते बोट खाली येत नसे. आमचे मुख्याध्यापक त्या बोटाला घाबरत.

"टीचर, उद्या जरा लवकर या हां," ते म्हणायचे.

बोट वर. "म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे... नेहमीपेक्षा थोडं आधी."

बोट वरच.

"पावणेआठला या हो, बाई!"

बोट खाली. "येते."

आणि ती पावणेआठला यायची. 'जरा लवकर'चा अर्थ न विचारताच कळलेले आम्ही बाकीचे सव्वाआठपर्यंत रमतगमत पोचायचो आणि वर तिलाच हसायचो.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात ती गणित शिकवायची आणि मी मराठी. वयाने माझ्याच बरोबरीची, चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली. गाव पेडण्यातलं चोपडे. तिथे म्हातारी आई, भाऊ, भावजय आणि दोन पुतण्या. आठवडाभर ती डिचोलीत खोली घेऊन राहायची, शनिवारी दुपारी बसने गावी जायची. माणसांना ती त्यांच्या विषयाच्या नावाने हाक मारायची. मी 'मराठी'. ड्रिल शिकवणारे सर 'पीटी'. "मराठी, जनेल लाव, धूळ येते," असं ती खिडकीकडे हात करून भर स्टाफरूममध्ये म्हणायची. सुरुवातीला मला ते कसंसंच वाटलं. नंतर लक्षात आलं की नावाने हाक मारणारी माणसं मला आयुष्यात ढीगभर आहेत, 'मराठी' म्हणणारी ही एकच.

सुर्ल्याच्या बाजूने खाणीचे ट्रक शाळेच्या कुंपणाला घासून जात. ट्रक आला की ती वाक्य अर्ध्यात थांबवायची, डोळे मिटायची, आणि ट्रक गेला की सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायची. "त्रिकोणाच्या तिन्ही..." घर्रर्र... "कोनांची बेरीज." मुलं तिची नक्कल करायची. तीही ती नक्कल बघायची आणि म्हणायची, "डोळे जरा उशिरा मिटलेस. मी आधी मिटते."

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असणार. तुमच्या कचेरीत असेल, वाड्यावर असेल, नात्यात असेल. त्याला तुम्ही काय म्हणता? आम्ही हिला तुसडी म्हणत होतो. घमेंडखोर, खवचट, एककल्ली. शब्द आमच्याकडे पुष्कळ होते. एकही बरोबर नव्हता.

एकदा चतुर्थीच्या सुट्टीआधी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी घरून काहीबाही आणलं होतं. तिचा डबा रोजचाच, एक पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, आणि बटाट्याची सुकी भाजी. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत, एकमेकांना न शिवता. एका टीचरने प्रेमाने म्हणा, आगाऊपणाने म्हणा, पळीभर खतखतं, सगळ्या भाज्यांचं ते रसदार कालवण, तिच्या डब्यात ओतलं. रस पोईखाली गेला. ती डब्याकडे बघत राहिली. मग डबा मेजावर ठेवून बाहेर गेली आणि तास सुरू होईपर्यंत विहिरीजवळ उभी राहिली. "बघा, अन्नाचा अपमान," वाढणारी म्हणाली. कोणाच्या डब्यात न विचारता काय ओतलं, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

पण गणितात कच्ची असलेली पोरं तिच्यावर जीव टाकायची. एका मुलीला मी कारण विचारलं. ती म्हणाली, "टीचर, त्या टोमणे मारत नाहीत. नुसतं म्हणतात, 'चुकलंय. पुन्हा.' पुन्हा चुकलं तरी तेच, त्याच आवाजात." आमच्या शाळेत टोमणे न मारता शिकवणारी ती एकटीच होती. हे मी जबाबदारीने लिहिते आहे.

मग ते स्नेहसंमेलन आलं.

हॉल लहान, पत्र्याचा. त्यात कोणीतरी माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणून ठेवलेले. एक बरोबर शिक्षकांच्या खुर्च्यांशेजारी. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि माईकने कान फाडणारी शिट्टी मारली. आम्ही सगळ्यांनीच तोंडं वाकडी केली, पण तिचा चेहरा पांढरा पडला. तिने स्पीकरवाल्याला सांगितलं, आवाज कमी कर. तो हसला. पीटी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "पाहुणे बोलतायत ना!" मुख्याध्यापकांच्या खुर्चीपर्यंत वाकून गेली. त्यांनी हाताने 'बस, बस' केलं. पुन्हा शिट्टी झाली तशी ती उठली, भिंतीपाशी गेली आणि स्पीकरांची वायर उपटली.

पाहुण्यांचं तोंड हलत राहिलं. शब्द ऐकू येईनात. मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याच्या आत तिला नोटीस मिळाली. बेशिस्त वर्तन, पाहुण्यांचा अवमान, संस्थेच्या प्रतिमेला धक्का. चौकशीला संस्थेचे तिघे बसले आणि शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी.

"तुम्हाला पश्चात्ताप होतो का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. आवाज बंद झाला."

"पाहुण्यांना काय वाटलं असेल, याचा विचार केलात?"

"केला. हॉल लहान आहे. ते माईकशिवाय बोलू शकले असते. पण ते बोललेच नाहीत, रागावून बसले."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांतला एक, ज्याचं शिक्षणाशी नातं शाळेच्या छपराला पत्रे पुरवण्यापुरतं, तो छद्मी हसून म्हणाला, "बाई, तुम्ही एकदा डोकं तपासून घ्या."

बोट वर गेलं.

"कोणाकडून?"

तो गडबडला. "म्हणजे... आहेत ना डॉक्टर."

"म्हणजे नक्की कोण?"

अध्यक्षांनी 'पुरे' म्हणून कागद मिटले. बोट तसंच वर धरून ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "मराठी, त्यांना माहीत नसेल तर ते सांगतात कशाला?" मला हसू आलं आणि त्याच वेळी आत जाऊन त्या तिघांच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

तिने ते वाक्य शब्दशः घेतलं. म्हापशाला एक मनोविकारांचे डॉक्टर होते, त्यांची वेळ घेतली. मी सोबत गेले. मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. पाचवीतल्या एका मुलीसाठी अधूनमधून येणारी विशेष शिक्षिका आम्हाला स्वमग्नतेबद्दल, म्हणजे ऑटिझमबद्दल सांगत होती. आवाज सहन होत नाही, ताटातले पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत, बोलणं शब्दशः घेतात, ठरलेलं बदललं की गोंधळतात. ती बोलत होती आणि स्टाफरूममधल्या माना एकेक करून गणिताच्या खुर्चीकडे वळत होत्या. सर्वांत शेवटी हिने स्वतः वर पाहिलं. "मराठी," ती म्हणाली, "ही माझ्याबद्दल बोलते आहे."

तर म्हापशाच्या डॉक्टरांना तिने नेमकं हेच सांगितलं. डॉक्टर मोबाइलवर काहीतरी टाइप करत होते. "ऑटिझम लहान मुलांत असतो. त्यातून मुलग्यांत. तुम्ही शिकलेल्या, नोकरी करता, माझ्या डोळ्यांत बघून बोलता. तुम्हाला कसला ऑटिझम? लग्न नाही, वय झालंय, या वयात बायकांना होतं असं. टेन्शन घेऊ नका." आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

"मला झोप येते," ती म्हणाली.

"तरी घ्या."

जिन्यात ती थांबली. जिना अरुंद, वर येणारी माणसं तिला धक्के देत होती, पण ती हलेना. कठड्यावर मूठ आपटून म्हणाली, "त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही आणि म्हणतो मी डोळ्यांत बघते. मी त्याच्या भुवया बघत होते! लहानपणी बाबा मारायचे, वर बघ म्हणून. तेव्हा मी भुवया शोधून काढल्या. भुवया बघितल्या की माणसं गप्प बसतात." इतकी वर्षं ती माझ्याशी बोलत होती. माझ्याही भुवयाच बघत असणार.

मग त्या विशेष शिक्षिकेने पणजीतल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव सुचवलं. मोठ्या माणसांचीही रीतसर तपासणी त्या करत. त्यासाठी थांबावं लागलं. पावसाळा सरला तेव्हा पाळी आली. पण त्या बाईंनी आधीच एक गोष्ट केली. हिने फोनवर विचारलं, "तिथे नक्की काय होणार?" आणि त्यांनी सांगितलं! चार-सहा ओळींत लिहूनसुद्धा पाठवलं. भेटी एकाहून जास्त असतील. रक्त काढणार नाही, मशीन लावणार नाही. ऐकण्याची तपासणी आधी करून आणा. खोलीतली ट्यूबलाइट नको असेल तर बंद करू. लहानपणाविषयी, शाळेविषयी, कामाविषयी, आवाजांविषयी विचारू. काही चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावू. ते पोरकट वाटेल, पण त्याचा उपयोग असतो. दमलात तर थांबू. शेवटी बसून निष्कर्ष समजावून सांगू, आणि तो 'नाही' असाही असू शकतो.

ते तिने पुन्हा पुन्हा वाचलं. "मराठी, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पुढे काय होणार ते आधी सांगितलं," ती म्हणाली. खूश होऊन नाही, चिडून म्हणाली. हे इतकं सोपं होतं तर बाकीच्यांनी का केलं नाही, हा तिचा मुद्दा. 

त्यात एक अट होती. तिला लहानपणी पाहिलेलं कोणीतरी बोलायला यायला हवं. म्हणजे आई.

आम्ही चोपड्याला गेलो. घर नदीकडे तोंड करून. आई पडवीत बसून सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला आपटलं.

"माझ्या चेडवाक काय एक झाला नाय! शाळेत शिकयता ता. पिशां आसा काय ता?"

"वेडी आहे असं कोणी म्हणत नाही, आये," मी म्हटलं.

"लोक म्हणतले. नातींची लग्नां जावची असत. आत्या पिशी म्हटल्यार कोण येतलो दारात?"

ती मध्येच म्हणाली, "आये, ते विचारणार मी तीन वर्षांची असताना कशी होते. मला माहीत नाही. मी तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. तू बघत होतीस."

म्हातारीने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग तिने विचारलं, "किती वाजता जावचां?"

पणजीच्या त्या बाई गोव्याबाहेरच्या. चोपड्याची बोली त्यांना नीट कळेना, म्हणून दोघींना विचारून त्यांनी मला दुभाषी म्हणून आत बसवलं. खरं तर आईशी त्या एकट्याने बोलणार होत्या. पण ही म्हणाली, "माझ्याबद्दल आहे, मी ऐकणार." आईनेही मान हलवली.

पहिले अनेक प्रश्न म्हातारीने 'सगळां बरां होतां' या एका वाक्यावर काढले. बाई घाईत नव्हत्या. बोलायला कधी लागली? एखादी वस्तू हवी असली की बोट दाखवायची, की तुमचा हात धरून न्यायची? इतर मुलांत खेळायची? कपडे, खाणं, आवाज?

"बोलूक उशीर लागलो," म्हातारी शेवटी म्हणाली. "लोक मुकां म्हणूक लागले. आणि एक दिस कुजनात चुलीकडेन येवन म्हणता कसां, 'आये, पेज उतली.' पयलो शबूद न्हय, वाक्यच!" ती हसली. आम्हीही हसलो. तिथून गाठ सुटली. चतुर्थीचा नवा फ्रॉक टोचतो म्हणून फाडला, त्याबद्दल बापाने बडवलं. भूतबाधा उतरवणाऱ्या घाड्याकडे नेलं, त्याने मिरच्यांचा धूर दिला. "आणि शिगम्याचे ढोल वाजले काय ता धावत सुटायचां. तेका जनेलाच्या गजाक बांदून दवरलां मियां."

मी मराठीत सांगितलं, "ढोल वाजायला लागले की तिला खिडकीच्या गजाला बांधून ठेवायचे." 

"मला का बांधलं?" ती ताडकन उठली. "ढोल तिकडेच होते! मला ढोलांपासून लांब जायचं होतं आणि तू मला ढोलांजवळ बांधलंस!"

"न्हयकडेन धावायचां तू!" म्हातारीही ओरडली. "भरतीची न्हंय. घोव दर्यार, सासू आंथरुणार, मी एकली. बुडलां आसतां तर? कोणाक विचारतलंय मी? कोण होतां सांगूक? आज ही बाय विचारता. तेन्ना खंय होती ही बाय?"

शेवटचं वाक्य तिने मानसशास्त्रज्ञांकडे बोट रोखून म्हटलं. मी सगळं भाषांतर करून सांगितलं: पोर भरतीच्या नदीकडे धावायची, नवरा समुद्रावर, सासू अंथरुणाला खिळलेली, मी एकटी; आज ही बाई विचारते, तेव्हा कुठे होती? त्या बाईंनी मान खाली घातली. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "तेव्हा कोणीच नव्हतं."

हिच्या एकटीच्या भेटी नंतर झाल्या. मी बाहेर बाकावर बसायची. बाहेर आली की ती मला सगळं क्रमाने सांगे. चित्रांची गोष्ट तिला बावळटपणाची वाटली, पण आधी कळवलं होतं म्हणून केली. "नापास झाले तर, असं विचारलं. त्या म्हणाल्या, यात पास-नापास नाही. मग परीक्षा कशाला म्हणता? म्हणाल्या, आम्ही म्हणत नाही, तुम्हीच म्हणता." ते तिला पटलं. "मग त्यांनी विचारलं, मित्र म्हणजे काय? मी म्हटलं, मराठी. त्या म्हणाल्या, विषय? मी म्हटलं, नाही, बाई आहे. बाहेर बसली आहे."

मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले.

निष्कर्ष ऐकायला तिने मला आत नेलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "हो. तुम्ही ऑटिस्टिक आहात." काय काय दिसलं, कशावरून ठरवलं, काय ठरवता येत नाही, हे त्या सावकाश सांगत गेल्या. हा आजार नाही, त्याला औषध नाही, पण कामाच्या जागी काय बदललं तर सोपं जाईल ते लिहून देता येईल. ती सरळ बसून ऐकत होती. सगळं संपल्यावर बोट वर केलं.

"हे जन्मापासून होतं?"

"हो."

"मग ज्यांनी मला मारलं, ते चुकले होते?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हो," त्या म्हणाल्या. "ते चुकले होते."

ती उठली आणि चालू लागली. मी मागे धावले. खाली गाड्या लावण्याच्या जागेत, दुपारच्या उन्हात, ती उभी राहून ओरडली, "चुकलंय! सगळ्यांचं चुकलंय!" वर्गात कधी चढला नव्हता तो आवाज चढला होता. रखवालदार धावत आला. दोन बायका मुलांना घेऊन लांबून गेल्या. तिने आपल्याच हाताने आपले कान झाकले आणि आणखी मोठ्याने ओरडली. मी रखवालदाराला म्हटलं, "काही झालेलं नाही. त्यांना राग आलाय." तो म्हणाला, "एवढा?" मी म्हटलं, "हा कमीच आहे."

लोकांना वाटतं नाव कळलं की माणूस सुटतो, हलका होतो. होत असेल कोणी. ती कित्येक आठवडे धगधगत होती. एकेक जुनी गोष्ट बाहेर काढायची, तपासायची, आणि त्यावर तिची रेघ ओढायची, चुकलंय. बालवाडीतली बाई चुकली. घाडी चुकला. हॉस्टेलमध्ये तिचं अंथरूण ओलं करून हसणाऱ्या मुली चुकल्या. स्टाफरूममधलं खतखतं चुकलं. मी ऐकत होते. मला ते ऐकायला जड गेलं नाही. खोटं वाटलं असतं तर जड गेलं असतं.

अहवालाची प्रत तिने संस्थेला दिली. नको देऊस, असं मी म्हटलं होतं. ती म्हणाली, "त्यांनीच तपासायला सांगितलं. तपासलं, तर कळवायला नको?" सोबत दोन मागण्या. बसायची जागा घंटेपासून लांब असावी. आणि तिला जे सांगायचं ते स्पष्ट सांगावं, वेळेसह. बस्स. एक खुर्ची सरकवायची होती आणि नीट बोलायचं होतं.

चौकशीच्या पुढच्या सभेत अध्यक्ष अहवाल चिमटीत धरून म्हणाले, "असं असेल तर मुलांच्या दृष्टीने सुरक्षित आहे का, हा प्रश्न येतो."

मी उठले. काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. वर्षानुवर्षं जिच्या हाताखालून पोरं शिकून गेली, जिने एका पोराला कधी टपली मारली नाही, तिच्यापासून मुलांना धोका? आणि धोका कोण सांगणार, तर वर्गात कधी पाऊल न टाकलेला माणूस? मला खाली बसवण्यात आलं.

दहावीचा वर्ग तिच्याकडून काढला. तिला वाचनालयात बसवलं. ते वाचनालय बरोबर घंटेखाली. कोणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. मुद्दाम करायलाही तिचा अर्ज वाचावा लागला असता.

"मला वर्गातून काढलं का?" तिने अध्यक्षांना विचारलं.

"तसं नाही, टीचर."

"मग कसं?"

"तुमच्याच सोयीसाठी."

"म्हणजे नक्की काय?"

ते बोट खूप वेळ हवेत राहिलं. शेवटी अध्यक्ष उठून गेले. तिने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मी तिला लढूया म्हटलं, कायदा आहे, तक्रार करता येते, मी येते सोबत. ती म्हणाली, "मराठी, मी दमले. तू लढ. तुला आवाजाचा त्रास होत नाही."

मी लढते आहे. तक्रार केली आहे, तारखा पडतात, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते. स्टाफरूममध्ये आता मला तुसडी म्हणतात.

आणि या वर्षी त्यांनी काय करावं? ऑटिझम जागृतीचा दिवस साजरा केला. भिंतभर निळे कागद, मुलांच्या हाती फुगे, 'प्रत्येकजण वेगळा, प्रत्येकजण आपला' असा फलक. आणि त्या कार्यक्रमात तिचा सत्कार करायचं ठरवलं, शाल आणि श्रीफळ देऊन. निमंत्रण माझ्याकडूनच पाठवलं. मी फोनवर वाचून दाखवलं. 

"शाल टोचते," ती म्हणाली. "नारळ आमच्याकडे आहेत. माझा वर्ग परत देणार का, विचार."

मी भर सभेत विचारलं. फुगे फुटत होते, कोणाला ऐकू गेलं नाही, असं म्हणतात.

परवा रविवारी मी पार्सेला एका लग्नाला गेले होते. तिथून चोपडे जवळ, म्हणून परतताना गाडी वळवली. ती घरी नव्हती. माडांच्या भाटाच्या पलीकडे, नदीच्या बांधावरून चालायला गेली होती. आता ती दोन-तीन पोरांच्या शिकवण्या घेते, आणि उरलेला वेळ चालते. म्हातारी मागल्या दारी टोपभर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, धूत होती. मला बघून म्हणाली, "बरां जालां इलंस. त्या पणजेच्या बायेक एक गजाल सांगूक रवली."

"आता अहवाल झाला, आये. काही बदलत नाही."

"तरी सांग. फोन लाव."

तिच्या चेहऱ्याकडे बघून मी फोन लावला. बाईंनी उचलला. म्हातारी ओल्या हाताने फोन धरून, जणू पणजीपर्यंत हाक मारायची आहे अशी, सांगत होती आणि मी शेजारून मराठी करत होते. पोर लहान असताना आई तिसऱ्या धुवायला बसली की ते येऊन मागे बसायचं. पाठीला पाठ लावून. बोलणं नाही, काही मागणं नाही. आई म्हणायची, अगो सर, काम करू दे. ते सरकायचं नाही. टोप रिकामा होईपर्यंत तसंच.

"तुमी विचारलां, पोर जवळ येयत होतां काय. मी नाय म्हटलां," म्हातारी म्हणाली. "तां चुकलां. येयत होतां. माकाच कळूंक नाय. तां बरयात."

मी सांगितलं, "त्या म्हणतात, हे लिहून घ्या."

पलीकडून बाई म्हणाल्या, "लिहिते. आत्ताच लिहिते. त्यांना सांगा, लिहिलं."

म्हातारीने फोन परत दिला, पदराला हात पुसले आणि टोपाकडे वळली. मी मागल्या पडवीतली खुर्ची ओढून बसायला लागले, तशी ती म्हणाली, "बसू नको. ता येवचो वेळ जालो."

"तिला भेटूनच जाते की."

"तेका सांगूक नाय तू येतलंय म्हणून. न सांगता कोण इलां तर तेका सोसणा नाय, मगे दिसभर जेवणा नाय." आवाजात दरडावणी होती, वाड्यावरच्या कोणालाही देईल तशी. "फुडच्या आयताराक ये. वेळ सांगून ये. नक्की सांग."

मी वेळ सांगितली. तिने ती दोनदा म्हणून घेतली.

रस्त्यावर येऊन गाडीचं दार उघडलं तेव्हा बांधावरून ती येताना दिसली. भरती लागली होती, पाणी बांधाच्या दगडांना भिडलं होतं. छत्री मिटून काखेत धरलेली, मान खाली, पावलं सारख्या लांबीची. मी हाक मारली नाही. गाडी चालू केली तर आवाज होईल, म्हणून ती अंगणात शिरेपर्यंत तशीच बसून राहिले.